एक भगिनी, रत्नागिरी

रत्नागिरीहून आलो म्हटलं की आमच्याकडे लोक दोनच प्रश्न विचारतात. समुद्र बघितला का, आणि आंबे आणले का. मी गेलो नोव्हेंबरच्या शेवटी, त्यामुळे आंब्यांचा विषयच मिटला. समुद्रही लांबूनच बघितला. मी गेलो होतो एका बाईचं नाव शोधायला, आणि जमलं तर तिच्या गाण्याची चाल घेऊन यायला. असल्या कामासाठी बाहत्तराव्या वर्षी कोणी एकटं कोकणात उतरतं का, असं मुलाने पुण्याहून फोनवर विचारलं. उतरतं, असं म्हणून मी फोन ठेवला.

मी मिरजेचा. हायस्कुलात गणित शिकवलं आणि चाळीस वर्षं आमच्या लहानशा चर्चमध्ये पेटी वाजवली. पेटी वाजवता वाजवता एक नाद लागला. दर रविवारी आपण ज्यांची गीतं म्हणतो ती माणसं कोण होती, हे शोधायचा. एक शिंपी होता, मशीनवर पाय मारत ओळी जुळवायचा. एक कंपाउंडर होता, औषधाच्या पुड्यांच्या कागदावर कडवी लिहायचा. कोणी मूल गेल्यावर लिहायला लागला, कोणी नोकरी गेल्यावर. अशा पंधरावीस जणांची चरित्रं मी आमच्या मंडळीच्या मासिकात लिहिली. वाचणारे मोजकेच, त्यांत पहिली माझी बायको कुमुद. ती शुद्धलेखनाच्या चुका काढायची आणि मासिक मिटताना म्हणायची, "सगळे पुरुषच कसे हो तुमचे?"

बाई एकच होती आणि तिला नाव नव्हतं. गीतसंग्रहाच्या मागे रचणाऱ्यांची यादी असते. पुरुषांची नावं, आडनावं, गावं, सगळं असतं. हिच्यापुढे फक्त "एक भगिनी, रत्नागिरी". गीत मात्र आमच्याकडे सगळ्यांना पाठ, कारण प्रत्येक अंत्यविधीला ते म्हटलं जातं.

पैलतिरी माझा प्रभू उभा,
ने मला, ने मला.
डोईचं ओझं इथेच ठेवून
ने मला, ने मला.

ज्यांना आमची रीत माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. आमच्या जुन्या संग्रहांत नुसते शब्द असतात, सूर नसतात. गीताच्या डोक्यावर बारीक अक्षरात "चाल" असं लिहून एखाद्या माहितीच्या गाण्याकडे बोट दाखवलेलं असतं. त्या चालीवर हे म्हणा, एवढंच. ते माहितीचं गाणं लोक विसरले की गीत पोरकं होतं. माझ्या प्रतीत या गीताच्या डोक्यावर काहीच नव्हतं, म्हणून तरुणपणी मीच त्याला चाल लावली. भैरवीत, अगदी संथ. प्रत्येक दुसऱ्या "ने मला"नंतर ओळ दोन मात्रा आखूड पडायची, तिथे मी पेटीवर एक हरकत भरली. लोक रडायचे. मला त्याचा अभिमान होता, कशाला खोटं बोलू?

कुमुदला ती चाल कधी पटली नाही. "हे रडायचं गाणं नाही वाटत मला," ती म्हणायची. पहिल्या बाकावर बसून त्या दोन मात्रांच्या जागी ती पुस्तकाच्या पुठ्ठ्यावर बोटांनी दोनदा ठेका द्यायची. एका रविवारी मी वाजवायचा थांबलो, डोळे वटारले आणि सगळ्यांसमोर म्हणालो, "ही काय मंगळागौर आहे?" लोक हसले. तीही हसली. त्यानंतर तिने कधी ठेका धरला नाही.

घरी आल्यावर तिने आईकडून आलेली एक जुनी प्रत दाखवली. त्यात गीतावर छापलं होतं, "चाल : तरीवरची, जयगडकडील." मी म्हणालो, छापणाऱ्याने काहीतरी घुसडलंय. बायकोचं उत्तर तपासून बघावं असं गणिताच्या मास्तरला वाटलं नाही.

मार्चमध्ये कुमुद गेली. तिच्या दफनाच्या वेळी मीच पेटीवर बसलो आणि तेच गीत, माझ्याच चालीत वाजवलं.

दिवाळीच्या सुमारास संग्रहाच्या नव्या आवृत्तीच्या समितीचं पत्र आलं. या वेळी शब्दांबरोबर सूरही छापणार होते. "ने मला"चे सूर डिसेंबरच्या पहिल्या सोमवारपर्यंत पाठवा, चाल तुमच्या नावाने छापू, असं होतं. पूर्वीचा मी असतो तर हे पत्र चौकटीत घालून भिंतीवर लावलं असतं. आता मी कपाट उघडून कुमुदची प्रत काढली. प्रत्येक दुसऱ्या "ने मला"पुढे पेन्सिलीच्या दोन बारीक उभ्या रेघा होत्या. एकदा छापलं की माझी चूक पुढची पन्नास वर्षं लोक गात बसणार. मी बॅग भरली.

मंगळवार, पाली

घाटाबद्दल लिहिण्यासारखं काही नाही, मी बहुतेक झोपलो होतो. पालीला एसटी थांबली तेव्हा जाग आली. टपरीवरची बाई म्हणाली, "चाय घेवा, पावनं. गाडी धा मिंटं थांबतंय." चहाच्या वाफेने चष्म्याच्या काचा धुरकटल्या म्हणून तो काढून बाकड्यावर ठेवला. कंडक्टरने घंटी दिली आणि मी धावलो. चष्मा तिथेच राहिला. हे मला कळलं रत्नागिरीच्या स्टँडवर, बोर्ड वाचता येईनात तेव्हा. कुमुद असती तर उतरताना विचारलं असतं, चष्मा, पाकीट, रुमाल. प्रत्येक प्रवासात ती हे तीन शब्द म्हणायची आणि मी प्रत्येक वेळी वैतागायचो.

लॉजजवळच्या खानावळीत जेवलो. तांदळाची भाकरी, बांगड्याचं कालवण, सोलकढी. आम्ही ज्वारीची माणसं. ही पांढरी मऊ भाकरी मला आजारी माणसाची वाटली, पण कालवणात बुडवल्यावर मी मत बदललं. जेवण येण्याआधी वाढणाऱ्याने विचारलं, "एकटेच ना?" मी हो म्हणालो. त्याने माझ्यासमोरची खुर्ची उचलली आणि पलीकडे पाच जण बसले होते त्यांना दिली. त्याचं काही चुकलं नाही. तरी मी पूर्ण जेवण त्या मोकळ्या जागेकडे बघत केलं.

बुधवार, रत्नागिरी

इथल्या एका जुन्या, बैठ्या, जांभ्या दगडाच्या चर्चची किल्ली बेंजामिन मास्तरांकडे असते. तेही निवृत्त, माझ्यापेक्षा दोनचार वर्षांनी मोठे. एक मुलगी मुंबईला, एक मस्कतला, आणि हे दोन खोल्यांत रेडिओबरोबर. मी येणार म्हणून त्यांनी सकाळीच घावन आणि नारळाचा रस करून ठेवला होता. एकटा पुरुष दुसऱ्या एकट्या पुरुषासाठी घावन घालतो, म्हणजे त्याच्याकडे बऱ्याच दिवसांत कोणी आलेलं नसतं. चार घावनांतले दोन फाटले होते, ते त्यांनी स्वतःच्या ताटात घेतले.

"ने मला?" ते म्हणाले. "हे कुठलं हो सर? आमच्याकडे नाही म्हणत."

मला धक्काच बसला. यादीत ढळढळीत रत्नागिरी लिहिलेलं आणि रत्नागिरीत गीत कोणाला माहीत नाही. मी कुमुदची प्रत दाखवली. त्यांनी ओळी ओठांतल्या ओठांत म्हणून बघितल्या. "आम्ही आता चौदा माणसं, सर. त्यात म्हणणारे पाच. सोपी सोपीच म्हणतो."

त्यांनी जुन्या नोंदवह्या काढल्या. वाळवी लागू नये म्हणून त्या पत्र्याच्या डब्यात कडुनिंबाच्या पाल्यात ठेवलेल्या. चष्मा नसल्यामुळे मला त्यांत मुंग्यांच्या रांगा दिसत होत्या. मग बेंजामिन मास्तर वाचू लागले आणि मी ऐकू लागलो. बाप्तिस्मे, लग्नं, दफनं, एकामागून एक. दुपारी दोनच्या सुमाराला ते थांबले.

"हे बघा. म्हणजे ऐका. 'राहेल, शाळेतील बाई. वय अंदाजे साठ. नातेवाईक कोणी आले नाहीत. उपासनेतील ने मला हे गीत हिने रचिले.'"

मी त्यांना ते तीनदा वाचायला लावलं. मग उलट मागे जात बाप्तिस्म्याची नोंद शोधली. तीही सापडली. "राहेल, पूर्वीची द्वारकी. विधवा. जयगडच्या तरीवाल्याची सून." कोकणात 'तर' म्हणजे खाडीपार माणसं नेणारी होडी. एवढंच. ज्या शिंप्यावर मी आठ पानं लिहिली, त्याच्याइतकंच आयुष्य हिनेही काढलं असेल, पण ते दोन वह्यांतल्या दोन नोंदींत मावलं होतं. आणि त्यातलं एक वाक्य होतं, नातेवाईक कोणी आले नाहीत.

निघताना मास्तर म्हणाले, "वाजवून तरी दाखवा." चर्चच्या पेटीची एक पट्टी दाबली की वर येत नव्हती. तरी मी माझी चाल वाजवली आणि आम्ही दोघांनी ते रिकाम्या बाकांसमोर म्हटलं. संपल्यावर मास्तर डोळे पुसत म्हणाले, "फार गोड आहे हो." मी चूक करतोय अशी शंका घेऊन आलेल्या माणसाला ते ऐकून बरं वाटायला नको होतं, पण वाटलं.

गुरुवार, जयगड

रत्नागिरी सोडली की सडा लागतो. सडा म्हणजे जांभ्याचं उघडं पठार. पावसाळ्यातलं गवत आता वाळून तांबूस झालेलं, मधूनच कापलेल्या भाताचे रचून ठेवलेले उडवे, आणि मैलच्या मैल माणूस नाही. आमच्याकडे जमीन मोकळी दिसली की कोणीतरी नांगर घालतो. इथे दगडच वर आलाय, नांगर कुठे घालणार? मग एकदम उतार, माडांचे शेंडे, आणि खाडीच्या तोंडाशी बंदराच्या अजस्र क्रेन.

धक्क्यावर मी विचारलं, पूर्वी तर कोण चालवायचं? आता गाड्यासुद्धा चढवून नेणारी मोठी फेरीबोट पलीकडे तवसाळला जाते, वल्ह्याच्या होडीची आठवण कोण ठेवणार? पण ठेवली होती. जाळं विणत बसलेल्या एकाने न बघता हात केला. "ता काय, तरवाल्यांचा घर. माडाखालचा."

घरात सासू आणि सून अशा दोघीच होत्या. सून सुनीता, तिचा नवरा बंदरात शिफ्टला गेलेला. सासू आनंदीबाय, ऐंशीच्या पुढची, अंगणात उन्हात घातलेली सुकटं परतत बसलेली. मी देशावरून आलोय, जुनी गाणी गोळा करतो, असं सांगितलं. पाणी आलं, चहा आला. मग मी द्वारकी हे नाव घेतलं आणि आनंदीबायचा हात थांबला.

"त्या नावाचा मानूस आमच्या घरात न्हाय," ती म्हणाली.

"आता नसेल. पूर्वी..."

"पूर्वीपन न्हाय."

सुनीता दाराशी अवघडून उभी राहिली. मला वाटलं, संपलं. उठावं आणि बस धरावी. पण एवढ्या लांब आलोय तर गीत तरी ऐकवावं, म्हणून मी तिथेच, सुकटांच्या वासात, डोळे मिटून माझ्या चालीत म्हणायला लागलो. पैलतिरी माझा प्रभू उभा, ने मला, ने मला. हरकतीसकट. डोळे उघडले तर म्हातारी माझ्याकडे विचित्र नजरेने बघत होती.

"कोन मेला?" तिने विचारलं.

मी म्हणालो, "माझी बायको."

तिने विचारलं होतं ते माझ्या रडक्या चालीबद्दल, हे मला बोलून गेल्यावर कळलं. कुमुद गेल्यापासून हे दोन शब्द मी असे उघड्यावर कोणाला सांगितले नव्हते. मिरजेत सांगावं लागलं नाही, सगळ्यांना माहीतच होतं. मला रडू आलं आणि मी ते आवरलं नाही.

आनंदीबायने हातातलं सुकट खाली ठेवलं. मग सुनीताकडे बघून म्हणाली, "पाट आन गो." पाट माझ्यासमोर मांडून ती त्यावर बसली, गुडघ्याला गुडघा लागेल इतकी जवळ.

"आयका. माझ्या आजेसासूची ती जाव. घो तापानं गेला तिचा. मंग ती रत्नागिरीस गेली नि तुमच्यात मिळाली. घरच्यांनी तिच्या नावानं घागर फोडलानी. जितेपनीच. तवापासना तिचा नाव घ्यायचा न्हाय, असा ठरला." तिने पदराने हात पुसले. "पन गाना तिचा. गौरीला म्हायेराला जाताना आमी बायका तरीत समोरासमोर बसत व्हताव. गाना धरताना म्हनायचा, द्वारकीची चाल धरा. नाव चालीचा घेत व्हताव, तिचा न्हाय. हात पुडं करा."

मी तळहात पुढे केले आणि ती म्हणायला लागली.

पैलतिरी माझा बंधू उभा,
ने मना, ने मना.
टोपलीत माझे घावन ऊन,
ने मना, ने मना.

केवढी घाई होती त्या गाण्यात! घावन निवतील, भाऊ ताटकळेल, होडीवाल्या तांडेला, हाण की लवकर. आणि प्रत्येक दुसऱ्या "ने मना"नंतर तिचे खरखरीत तळहात माझ्या तळहातांवर येऊन आदळत होते. एक, दोन. बरोबर तिथे, जिथे ओळ दोन मात्रा आखूड पडते. बरोबर तिथे, जिथे मी हरकत भरली होती. आणि बरोबर तिथे, जिथे कुमुदच्या पेन्सिलीच्या दोन रेघा होत्या.

कुमुदला कोणी हे गाणं शिकवलं नव्हतं. तिने फक्त ओळी मोजल्या होत्या. गणित माझं होतं आणि मोजलं तिने.

मी टाळी चुकत होतो. म्हातारी चिडली. "असा कसा वो? पेटी वाजवताव म्हनता ना?" पुन्हा पहिल्यापासून. सुनीताने माझा मोबाइल घेऊन सगळं रेकॉर्ड केलं. त्यात मागे कोंबडा आहे, म्हातारीचं रागावणं आहे आणि माझ्या उशिरा पडलेल्या टाळ्या आहेत. पाचव्या खेपेला जमलं.

"तुमच्या चर्चात टाळ्या वाजवतात?" आनंदीबायने विचारलं.

"हे गाताना नाही वाजवत."

"मंग ता गाना पुरा होत न्हाय. ह्या गान्याला समोरचा हात लागतो." तिने माझे तळहात खाली ठेवले. मग हलकेच म्हणाली, "तुमाला आता कोन देतं समोरचा हात?"

मला द्वारकीचा विचार आला. मिशनच्या शाळेत, संध्याकाळी मुली घरी गेल्यावर, ती हे गाणं म्हणत बसली असेल. घरच्यांनी घागर फोडलेली, पैलतीरावर उभा राहणारा भाऊ आता तिच्यासाठी उभा राहणार नाही हे कळलेलं. मग तिने बंधूच्या जागी प्रभू घातला आणि घावनाच्या टोपलीच्या जागी ओझं. चाल बदलली नाही. दोन टाळ्यांची जागाही तशीच ठेवली, जरी समोर कोणी बसलेलं नव्हतं.

नोंदवहीत काय लिहिलंय ते मी आनंदीबायला सांगितलं. गीत रचिले, तेही सांगितलं, आणि नातेवाईक कोणी आले नाहीत, तेही. ती उठून पुन्हा सुकटं परतायला लागली. मी फाटकाशी पोचलो तेव्हा मागून म्हणाली, "पुस्तकात नाव घालनार हाव ना तुमी? मंग द्वारकी पन लिवा. रायेल लिवा, पन द्वारकी पन लिवा." त्या घरात ते नाव, चालीचं नव्हे, माणसाचं म्हणून, किती वर्षांनी घेतलं गेलं कोण जाणे. सुनीता सासूकडे बघतच राहिली.

शुक्रवार, परत

जाताना बेंजामिन मास्तरांना रेकॉर्डिंग ऐकवलं. ते आधी दचकले, मग त्यांनी मान डोलावली. त्यांच्या चौदा माणसांना शिकवतो म्हणाले. शिकवतील की नाही माहीत नाही.

पालीच्या टपरीवरची बाई माझाच चष्मा लावून बसली होती. "बरा झाला तुमी उशिरा आलाव," ती म्हणाली. "तीन दिस सुईत दोरा घालताय यानं." मी चष्मा घेतला. मोबाइल कानाला लावून मिरजेपर्यंत बसमध्ये ऐकत आलो आणि गुडघ्यावर टाळ्या मोजल्या. शेजारचा माणूस पुढच्या स्टॉपला दुसऱ्या सीटवर गेला.

शनिवारी सूर लिहून, मोबाइलवर फोटो काढून समितीला पाठवले. रचना, राहेल, पूर्वीची द्वारकी, जयगड. चाल, द्वारकीची. माझं नाव खोडलं. तीन कडव्यांत मिळून सहा ठिकाणी रिकामी जागा सोडून लिहिलं, येथे दोन टाळ्या. संध्याकाळी चिटणिसांचा फोन आला. "अहो, अंत्यविधीच्या गीतात टाळ्या? कोणी वाजवायच्या?" मी म्हणालो, जागा तरी छापा.

रविवारी आमच्या चर्चमध्ये मी तेच गीत नव्या, म्हणजे जुन्या चालीत वाजवलं. आधी समजावून सांगितलं, तरी लोक गोंधळले. चाळीस वर्षं मीच त्यांना रडायला शिकवलं होतं. गाणं धावत निघालं, मंडळी मागे राहिली, आणि पहिल्या दोन मात्रा आल्या तेव्हा कोणीही टाळी दिली नाही. पहिल्या बाकावर कुमुदच्या जागी कोणी बसत नाही, ती जागा अजून तशीच आहे. मी तिकडे बघितलं. मग पट्ट्यांवरचा हात उचलला आणि पेटीच्या लाकडावर बोटांनी दोनदा ठेका दिला. सगळी मंडळी वर बघू लागली. पण कोणी डोळे वटारले नाहीत. या चर्चमध्ये डोळे वटारणारा एकच माणूस होता, आणि तो आता ठेका देत होता.